आक्का, आता सुटली म्हणा

काल सोमवार होता, आक्का. संध्याकाळी सात वाजता मी गोळी घेतली. सोमवारी घेतली हे मुद्दाम सांगते, कारण सोमवारवरून आपल्या दोघींचं भांडण अजून मिटलेलं नाही आणि तुम्ही ते अर्धवट टाकून निघून गेलात. तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. सकाळी चहाला अजून दोन कप काढते. एक परत फळीवर ठेवताना मला रडू येत नाही, तुमचा राग येतो.

दमलेय मी. माणसं येऊन जाऊन संपली, दहावा झाला, तेरावा झाला, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला पोचवली. जो येतो तो विचारतो, "कशानं गेली गं थोरली?" मी म्हणते, "किडनीनं." खोटं नाही ते. पण सगळं खरंही नाही, आणि असं अर्धंमुर्धं बोलून बोलून माझा जीव मेटाकुटीला आलाय. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आयुष्यभर सगळे कागद मीच तुम्हाला वाचून दाखवले. हाही दाखवीन, फोटोपुढं बसून.

मी तुमची धाकटी जाऊ होऊन ह्या घरात आले तेव्हा तुमचा संजू दीड वर्षाचा होता आणि कोठीची किल्ली तुमच्या कमरेला होती. ती किल्ली मला हातात मिळायला नऊ वर्षं लागली, हे मी विसरलेली नाही. दोघे भाऊ गलाईच्या धंद्यात, लांब परमुलखात सोनं गाळायच्या दुकानावर. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला तेवढे घरी. मग थोरले आजारी होऊन आले आणि गेले. दोन वर्षांत माझा माणूस तसाच आला, तसाच गेला. मला मूलबाळ नाही. राहिलो आपण दोघी, संजू, एक म्हैस आणि दीड एकर ऊस.

सांगलीला सरकारी दवाखान्यात आपलं रक्त तपासलं तो दिवस. एकेकीला आत बोलावून सांगितलं. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमच्या तोंडावर काहीसुद्धा दिसत नव्हतं. मी आत जाऊन आले आणि भाकरीचं फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. एचआयव्ही म्हणजे आता संपलंच, असं मला वाटत होतं. तर तुम्ही म्हणालात, "जेवायची येळ झालीया. भाकरी सोड आदी." त्या बाकावर बसून आपण मेथीची भाजी आणि भाकरी खाल्ली. मी मनात म्हटलं, ह्या बाईला काळीज आहे का दगड! घरी आल्यावर म्हशीला वैरण टाकायला म्हणून गोठ्यात गेलात त्या दिवेलागणीपर्यंत बाहेर आला नाहीत. हे मी पाहिलं होतं. तुम्हाला कधी बोलले नाही.

गावात सांगायचं काय? तर सांगलीला डोळे दाखवायला चाललोय. ही अक्कल तुमची. दर महिन्याला डोळे! शेजारची हौसाकाकू म्हणायची, "तुमा दोगींच्या डोळ्यांत हाय तरी काय येवडं? माझा मोतीबिंदू एका खेपंत उरकला की." त्यावर तुम्ही ढिम्म चेहऱ्यानं, "आमचं मुळातच बिघडल्यालं हाय गं हौसा." एसटीत बसल्यावर मी पदरात तोंड घालून हसायची आणि तुम्ही मला कोपरानं ढोसायचा.

बाटलीवरचा कागद तुम्ही ओल्या फडक्यानं भिजवून खरवडून काढायचात आणि बाटली तुमच्या मिश्रीच्या डबीशेजारी ठेवायचात. कुणी विचारलं तर बीपीची गोळी. सांगलीच्या त्या दवाखान्यातलं एचआयव्हीचं सेंटर, तिथलं पुस्तक, एकेकीचं वेगळं, ज्यात आपलं नाव, औषध, तपासण्या सगळं लिहिलेलं, ते ज्वारीच्या पिंपात, तळाशी. सेंटरला औषधाचं समजावून द्यायला एक मॅडम होत्या, त्या सांगायच्या की दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तर हे पुस्तक दाखवायचं. तुम्ही "व्हय व्हय" म्हणायचात आणि घरी आल्यावर पुस्तक ज्वारीत.

आता सोमवार. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा दोन वेळच्या होत्या. सेंटरच्या मॅडमनी नीट समजावलं होतं की वेळ चुकवायची नाही, बरं वाटलं तरी मनानं बंद करायची नाही. तुम्ही मान डोलावलीत. आणि पहिल्याच सोमवारी बाटलीवर हात ठेवून म्हणालात, "आज ऱ्हाऊ दे."

"का वं?"

"सोमवारी बैलाला तरी जू ठेवतो का आपण? मुकं जनावर, त्याला बी एक दिस खाडा आसतोय. ही गोळी लय गरम. पोटाला एक दिस इसावा नगं?"

तुमच्या माहेरी चार बैल. सोमवार महादेवाचा, म्हणून नंदीचा, म्हणून बैलाचा. त्या दिवशी कुणी नांगर धरलेला तुम्ही जन्मात पाहिला नव्हता. त्याच न्यायानं आपल्या दोघींच्या पोटालाही दीड वर्ष सोमवारचा खाडा मिळाला. उरलेल्या गोळ्या तुम्ही चुलीत टाकायचात, कारण सेंटरला बाटली उपडी करून गोळ्या मोजतात. मला हे पटत नव्हतं असं मी नंतर शंभरदा तुम्हाला ऐकवलं. आज खरं सांगते. मला सोमवार आवडायचा. गोळीनं मळमळायचं, तोंडाला चव नसायची, सोमवारी तेवढी भाकरी गोड लागायची. सगळं तुमच्या माथी मारून मी मोकळी झाले होते, ते काही बरोबर नव्हतं.

मग मी वाळायला लागले. ताप, खोकला, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. तपासणीत विषाणू वाढलेला निघाला. मॅडमनी विचारलं, "गोळ्या चुकतात का?" दार उघडं, रांग दारापर्यंत आलेली. मी तापानं अर्धी झालेली, घाबरलेली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या थोरल्या जाऊबाईंनी सोमवार पाळायला सांगितलाय. त्या काय भायेर बसल्यात." नुसतं बोलले नाही, बोट केलं तुमच्याकडं. सगळी रांग वळून बघायला लागली. एकजण तर हसली. आणि आपल्या शेजारच्या गावची एक बाई पदर ओढून बसलेली होती, तिनं पदर बाजूला सारून तुम्हाला नीट बघून घेतलं.

मॅडम रागावल्या नाहीत. तुम्हाला आत घेतलं, खुर्ची दिली. म्हणाल्या, "आक्का, बैलाला सोमवार असतो, ह्या विषाणूला नसतो. औषध थांबलं की तो वाढतो आणि औषध अंगात कमी पडलं की त्याला पचवायला शिकतो. मग तेच औषध पुन्हा लागू पडत नाही."

तुम्ही खाली बघत विचारलंत, "मग पोटाला इसावा कवा?"

"पोटाला त्रास होत असेल तर मला सांगायचं. डॉक्टर गोळी बदलून देतात. पण आपल्या मनानं बंद नाही करायची."

तुमची कुडी दांडगी, तुमचा रिपोर्ट बरा निघाला. मला मात्र पुढच्या पायरीच्या गोळ्या लागल्या, मोठ्या, सकाळ-संध्याकाळ.

परतीच्या एसटीत तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत, अंगावर तुमची शाल टाकलीत. घरी आल्यावर देवापुढं दिवा लावलात आणि मला समोर बसवलंत. स्वतःच्या गळ्याला हात लावून म्हणालात, "आज बोट दावलंस. पुन्यांदा सेंटरच्या भायेर, कुणाम्होरं बी, डाक्टर आसू दे न्हाईतर देव आसू दे, माझ्या दुखण्याचं नाव काडलंस तर तुला माझ्या गळ्याची आण हाय, शालन. संजूचं लगीन व्हायचंय अजून."

गळ्याची आण म्हणजे काय ते आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मोडली तर जिनं घातली तिच्या जिवावर बेतते. आणि जिनं घातली तिनंच "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. लहान पोरं खेळताना आण घालतात आणि मग दिवसभर एकमेकांच्या मागं, "सुटली म्हण, सुटली म्हण की." मी तशी तुमच्या मागं लागले नाही. आपली चूक आहे, गप बसू, असं ठरवलं. पुढं चार महिने तुम्ही मला हातावर पाणी दिलंत. आंबील करून पाजलीत, अंगाला तेल लावलंत, औषधाच्या वेळेला उशाशी उभ्या राहिलात आणि गोळी गिळली का हे तोंड उघडायला लावून बघितलंत. माझ्या आईनं केलं नसतं एवढं केलंत. पण "चुकलं गं माझं" हे तीन शब्द काही निघाले नाहीत तुमच्या तोंडून!

त्यानंतर मात्र तुमची एकही गोळी चुकली नाही. सोमवारी तर पाच मिनिटं आधीच तांब्या भरून बसायचात. सातची मालिका लागली, तिचं गाणं सुरू झालं की गोळी. ती मालिका संपली, दुसरी आली, तीही संपली, त्यातल्या नायिकांची तीन-तीन लग्नं झाली, आपली सातची गोळी तशीच. मी मुद्दाम खोड काढायची, "आक्का, आज सोमवार. बैल सोडू का?" आणि तुम्ही, "गप गीळ."

तुम्हाला औषधाची खूण पटली ती तुमच्या भाषेत. सेंटरच्या रांगेत नवीन कुणी रडणारी बाई दिसली की तुम्ही सरकून तिच्याजवळ जायचात. "खुरपताना एक सरी सोडली तर काय हुतं? फुडच्या पाण्याला सगळं रान तणानं भरतंय. तसंच हाय हे. एक बी सरी सोडायची न्हाई, बाई." मॅडम तुम्हाला म्हणायच्या, माझं निम्मं काम तुम्हीच करता. तुम्ही वरून तोंड वाकडं करायचात, पण एसटीत बसल्यावर मला दोनदा तरी विचारायचात, "काय म्हनल्या गं मॅडम?" आणि मी तेच परत सांगायची.

पुढं नवी गोळी आली, तीन औषधं एकात, दिवसाला एकच. तुमचा विषाणू तपासणीत दिसेनासा झाला. मॅडम म्हणाल्या, अशीच घेत राहिलात तर ह्या दुखण्यानं तुम्हाला काही होत नाही. आणि खरंच, आक्का, ह्या दुखण्यानं तुम्ही गेला नाहीत. हे मी कुणाला सांगू?

संजू बारावी झाला आणि तोही गलाईला गेला. मला ते आवडलं नव्हतं, तुम्हालाही नव्हतं, पण दुसरं काय होतं इथं. त्याचं दुकान झालं, लग्न झालं, नात झाली. मी एकदा म्हटलं, "आक्का, लगीन झालं की आता. आण सुटली म्हणा." तुम्ही भांडी घासत होता. "सूनबाई काय म्हनंल? नातीला माज्या मांडीवर देईल व्हय ती?" म्हणालात आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलंत. मी पुढं ताणलं नाही. त्या दिवशी ताणायला हवं होतं.

मग तुमचे गुडघे. उसाची भांगलण, तण काढत उकिडवं बसून बसून सांधे गेले. विट्याला एक डॉक्टर आहे, गुडघ्याला हात चांगला म्हणून गर्दी. मी तुम्हाला घेऊन गेले. त्यांच्याकडं बसायची रीत तुम्हाला ठाऊक आहे. एक पेशंट तपासत असताना पुढचे दोघे आतच स्टुलावर बसवतात, वेळ वाचावा म्हणून. तुम्ही खुर्चीत, मी शेजारच्या स्टुलावर आणि माझ्यापलीकडं आपल्याच गावचा तुकाराम पाटलाचा म्हातारा, कान टवकारून.

डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

तुम्ही म्हणालात, "बीपीची येक."

त्यांनी पट्टा बांधून बघितलं. "बीपी तर छान आहे."

"गोळीनंच हाय की छान."

डॉक्टर हसले. म्हाताराही हसला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ती नजर मी ओळखत होते, गळ्याला हात लावायची तुम्हाला गरजसुद्धा पडली नाही. मॅडमचं बोलणं माझ्या कानात स्पष्ट होतं, दहादा ऐकलेलं. ह्या गोळीबरोबर दुखण्याच्या गोळ्या मनानं खायच्या नाहीत, किडनीवर ताण येतो, कुठल्याही डॉक्टरला आधी सांगायचं. पित्ताचं औषध, कॅल्शियम, लोहाची गोळीसुद्धा विचारून, अंतर ठेवून. सगळं मला पाठ. आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. बोलले तर तुमचा जीव जाईल असं मला वाटत होतं. हसा खुशाल, पण वाटत होतं.

डॉक्टरांनी आठ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि परत दाखवायला सांगितलं. तुम्ही कुठल्या परत जाताय! गुडघा मोकळा झाला, तुम्ही खुशीत. तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणत राहिलात, ऊस तुटून जाईपर्यंत. आता तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळायच्या, त्यामुळं मध्ये एकदाच सेंटरची खेप झाली. तिथं मॅडमनी विचारलं, दुसरं काही औषध घेता का? "न्हाई." रक्त द्यायचं होतं किडनीसाठी, तर "फुडल्या खेपंला देतो, बस चुकंल." आण फक्त सेंटरच्या बाहेरची होती, आक्का. तिथं आत तर मला कुणी अडवलं नव्हतं. तरी बोलले नाही. तिथंच मी एकदा बोट दाखवलं होतं ना. पुन्हा दाखवायला हात उचलला नाही. तुमची आण राहू दे बाजूला, हे माझं आहे.

पाय सुजले तेव्हा तुम्ही म्हणालात, उभं राहून सुजलेत. उलट्या झाल्या तेव्हा म्हणालात, शिळं खाल्लं. लघवी कमी झाल्याचं तर तुम्ही सांगितलंच नाहीत. एका दुपारी गोठ्याच्या दारात बसलात ते तुम्हाला उठताच येईना. संजूला फोन केला, त्यानं तिकडूनच सांगलीच्या एका खाजगी दवाखान्यात व्यवस्था केली आणि निघाला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय काय औषध चालू आहे? पुस्तक माझ्या पिशवीत होतं. ज्वारीतून काढून आणलं होतं मी, एवढं धाडस केलं होतं. तुम्ही खाटेवरून माझा हात धरलात. आणि मी म्हणाले, "गुडघ्याची. आणि बीपीची."

दुसऱ्या दिवशी तुम्ही गुंगीत गेलात ते परत नीट बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी रक्ताच्या रिपोर्टात त्यांना कळायचं ते कळलं. तोवर संजू आला होता. डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. मी बाहेर भिंतीला टेकून उभी, आता ह्या पोराला काय सांगू म्हणून.

तो बाहेर आला, माझ्याजवळ खाली फरशीवर बसला. म्हणाला, "काकी, ती गोळी चालू हाय हे पयल्या दिवशी का न्हाई सांगितलंस?"

मी म्हटलं, "तुला... तुला ठावं हाय?"

"मी नववीत हुतो. तूच मला ज्वारी काढाय धाडलं हुतंस पिंपातनं. पुस्तक वाचलं सगळं."

"आणि बोलला न्हाईस?"

"तुमी डोळं दाखवाय जातो म्हणायचा. मी काय म्हणू?" मग म्हणाला, "लग्नाच्या आदी हिला बी सांगितलंय मी. ती म्हणली, आईंना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटंल."

आक्का, ऐकताय का? ही एक गोष्ट तुम्हाला सांगायची म्हणून मी हे सगळं लिहिते आहे. तुमच्या मांडीवर जी नात दिली होती ना सूनबाईनं, ती माहीत असून दिली होती. तुम्ही तिचे पापे घ्यायला कचरत होता, ते बघून सूनबाईच म्हणायची, "आई, घ्या की जवळ." आठवतंय? आपल्याला वाटलं शहाणी पोरगी आहे, माणुसकीची आहे. तशी ती होतीच. पण तिला सगळं ठाऊक होतं. आपण ज्यासाठी तोंडाला कुलूप घातलं ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे एकमेकांचं मन राखत गप होते. मी खाटेपाशी जाऊन तुमच्या कानात हे सांगितलं, दोनदा सांगितलं. तुमच्यापर्यंत पोचलं का नाही, मला कळायला मार्ग नाही.

पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. मी त्या डॉक्टरांना विचारलं, आम्ही आधी सांगितलं असतं तर? ते चांगले होते, खोटा धीर दिला नाही. म्हणाले, कुणा एका गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही, वय आहे, उन्हातलं काम, पाणी कमी, महिनोन्‌महिने दुखण्याच्या गोळ्या, त्यात ही रोजची गोळी. पण माहीत असतं तर दुखण्याचं औषध दुसरं देता आलं असतं, रक्त तपासत राहता आलं असतं, लागली असती तर ही गोळीही बदलता आली असती. ही गोळी वाईट नाही हो, ते म्हणाले, ती आहे हे माहीत असायला हवं. मी मान हलवली. सोळा वर्षं ह्या गोळ्याच आपल्याला पोसत आल्या, त्यांना मी कशाला वाईट म्हणू.

तुमची बाटली मिश्रीच्या डबीशेजारी तशीच होती. मी ताटात ओतून मोजली. दवाखान्यातले पाच दिवस सोडले तर एकही गोळी जास्त नाही. पायाला सूज, पोटात अन्न ठरत नव्हतं, तेव्हासुद्धा तुम्ही सरी सोडली नव्हती. तेवढं बघून मात्र मी रडले, ताटातल्या गोळ्या भिजल्या. मग पुसून परत बाटलीत भरल्या, सेंटरला नेऊन देण्यासाठी.

आता आज सकाळचं. तेराव्याची पातेली उचलून माझी कंबर धरली. काल रात्रभर कूस बदलता येईना. घरात तुमच्या गुडघ्याची पाकिटं पडली होती, एक घेतली असती तर कुणी विचारणारं नव्हतं. हातात घेतली होती, खरं सांगते. मग ठेवली. ज्वारीच्या पिंपात हात घालून माझं पुस्तक काढलं, झटकलं, पिशवीत टाकलं आणि विट्याची बस धरली. हौसाकाकू बरोबर होती, तिला तिची शुगर दाखवायची होती. सोबत नको होती, पण नको कसं म्हणू?

डॉक्टर तेच. रीतही तीच. मी खुर्चीत, हौसाकाकू शेजारच्या स्टुलावर आणि पलीकडं एक अनोळखी बाई. डॉक्टरांनी कंबर दाबून बघितली, कागद पुढं ओढला आणि न बघता विचारलं, "अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

मी पिशवीत हात घालून पुस्तक धरलं, पण बाहेर काढलं नाही. तुमची नजर तिथं नव्हती, आक्का, तरी होती. मी मनात म्हटलं, आता सुटली म्हणा. म्हणा की. ज्याच्यासाठी आण होती त्याला सगळं ठाऊक आहे, जिच्या जिवाची आण होती ती राहिली नाही, आता कशाला अडवून धरलंय? मी बोलायला भ्याले, बोलले तर तुम्ही मराल म्हणून, आणि न बोलताच तुम्ही मेलात. तुम्ही काही म्हणाला नाहीत. कुठनं म्हणणार. शेवटी मीच माझ्या गळ्याला हात लावला आणि पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"एचआयव्हीच्या गोळ्या चालू हायेत, डॉक्टर. सोळा वर्षं. दुखण्याची कुठली गोळी चालंल ती बघून द्या."

माझा आवाज मोठाच निघाला. पलीकडच्या बाईनं स्टूल जरा मागं सरकवलं. हौसाकाकू सरकली नाही. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "म्हंजे डोळं न्हवं व्हय गं ते?"

"न्हवं, काकू."

तिनं माझ्या मांडीवरची पिशवी आपल्याकडं घेतली आणि धरून बसली.

डॉक्टरांनी पुस्तक उघडून पान अन् पान बघितलं. आधी लिहिलेला कागद फाडला, दुसरा घेतला. "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी दुसरंच दिलं असतं," म्हणाले. कंबर शेकायला सांगितली, एक साधी गोळी लिहिली, तीही तीन दिवस. किडनीचं रक्त तपासून घ्या म्हणाले. लिहिता लिहिता विचारलं, "घरात अजून कुणाला आहे?"

"हुतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंना. गेल्या त्या, सतरा दिस झालं." मग मी म्हटलं, "तुमच्याकडंच येऊन गेलेल्या. गुडघ्याला. बीपीची गोळी हाय म्हणाल्या हुत्या, आन तुमी हसला हुता."

त्यांचं पेन थांबलं. ते माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "मी विचारलं होतं त्यांना. आठवतंय मला. त्या बोलल्या नाहीत, पण बरोबर कुणी आलं नव्हतं का त्यांच्या?"

"आलं हुतं की," मी म्हटलं. हौसाकाकू बसली होती त्या स्टुलाकडं मी बोट केलं. "हितं बसले हुते मी."